ज्यांच्याकडे सिलोन नव्हतं

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं. गायिकेच्या नावाखाली एक ओळ हवी होती : ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त, बी हाय श्रेणी’. तबलजींच्या नावाखालीही असंच काहीतरी. पेटी वाजवणाऱ्या काकांना मी फोन केला, ‘तुमच्या नावाखाली काय टाकू?’ ते म्हणाले, ‘संवादिनी साथ. एवढंच टाक.’ बी हाय म्हणजे नक्की काय, हे सोसायटीत कुणालाच सांगता आलं नाही. ‘हाय आहे म्हणजे चांगलंच असणार,’ असं सेक्रेटरींचं मत पडलं आणि ती ओळ ठळक टायपात गेली.

आकाशवाणी आता किती घरांत लागते हा प्रश्नच आहे. तरी तिने दिलेली श्रेणी पत्रिकेवर छापली की गाणाऱ्याचं वजन वाढतं. सरकारी खात्याने लावलेलं माप सत्तर वर्षं टिकतं आणि पुढे गवय्येच ते आपल्या नावाला हौसेने जोडून घेतात, याची मुळं बघायची तर १९५२ सालात जावं लागतं.

त्या वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. जन्म पुण्याचा, १९०३ सालचा. पॅरिसला शिकून आलेले, काँग्रेसचे जुने कार्यकर्ते, आणि शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारे. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण केसकरांची गोष्ट सांगताना त्यांना रुक्ष, गाण्याचा गंध नसलेला मंत्री करून टाकायची पद्धत आहे. गंध होता म्हणूनच सगळं घडलं. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही, तो मंत्री गाण्याच्या वाटेला जात नाही.

सिनेमाचं गाणं सवंग आहे, त्याच्या चाली परदेशी नाचाच्या तुकड्यांवर बेतलेल्या असतात, शब्द उत्तान असतात आणि ते ऐकून तरुण पिढीचे कान बिघडतात, असं त्यांचं मत होतं. असं मत तेव्हा मराठी मध्यमवर्गात घराघरांत होतं. ‘सवंग’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘स्वस्त’ असा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. बाजारात जे कमी पैशात मिळतं ते सवंग. स्वस्त वस्तूचं नाव हलक्या वस्तूला कधी आणि कसं चिकटलं, हे आपल्या भाषेने आपल्याला न विचारताच ठरवून टाकलं.

मत घराघरांत होतं. केसकरांकडे मात्र प्रक्षेपण केंद्रं होती. देशात रेडिओ चालवायचा हक्क फक्त सरकारला. ऐकणाऱ्याने दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरायचं आणि वाजेल ते ऐकायचं. नव्या मंत्र्यांनी सिनेसंगीताचा वेळ छाटला. उरलेल्या वेळात लावायची गाणीसुद्धा आधी पारखून घ्यायची, असं ठरलं. आणखी एक कलम होतं, वरवर किरकोळ वाटणारं : गाणं लावताना सिनेमाचं नाव उच्चारायचं नाही. सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात. गायकाचं नाव सांगा, पुढे व्हा.

निर्मात्यांना लागलं ते हेच कलम. गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे होते. रेडिओवर नाव येत नसेल तर गाणं द्यायचंच कशाला? त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. मंत्र्यांना वेळ कमी करायचा होता, निर्मात्यांनी तो जवळपास शून्यावर आणला. काही महिन्यांत सरकारी रेडिओवरून सिनेमाचं नवं गाणं दिसेनासं झालं. रिकाम्या जागी शास्त्रीय संगीत आलं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी जुलैत सुरू झाला, आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला, दोन वर्षांनी वार्षिक संगीत संमेलनं सुरू झाली.

आता त्याच १९५२ सालाचा दुसरा कोपरा बघा. त्या वर्षी ‘बैजू बावरा’ आला. त्यात देसी रागातली जुगलबंदी आहे, ‘आज गावत मन मेरो झूम के’. एक आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, दुसरा पंडित दत्तात्रेय विष्णू पलुसकरांचा. हे पलुसकर म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. ज्या विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं घरंदाज मुलामुलींच्या हाती दिलं, त्यांचे. म्हणजे देसी तोच, गळा तोच. राष्ट्रीय कार्यक्रमात आला की अभिजात, आणि संगीतकार नौशादांच्या रेकॉर्डवर आला की सिनेमाचं गाणं. निवाडा आवाजाचा होत नव्हता, आवाजाच्या पत्त्याचा होत होता.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने लंकेत जबरदस्त ताकदीची शॉर्टवेव्ह यंत्रणा बसवली होती. युद्ध संपलं, यंत्रणा रेडिओ सिलोनच्या हाती आली. तिथे जाहिराती चालत, आणि हिंदी गाणी हवी तेवढी लावायला कुणाची हरकत नव्हती. ३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका टूथपेस्टच्या नावाची, हिंदी सिनेगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सायानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री आठ वाजता समुद्रापलीकडून आवाज परत मुंबईत येई. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली, असं सायानी मुलाखतींतून सांगत.

आमच्या आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा, मग डोळ्यासारखा हिरवा दिवा उजळायचा. सिलोन शॉर्टवेव्हवर, त्यामुळे काटा केसभर इकडेतिकडे झाला की गाण्यात चिनी बातम्या शिरत. आवाज लाटेसारखा वर यायचा, खाली जायचा. आई सांगते, बुधवारी आठच्या आधी आजोबा फिरायला बाहेर पडत. त्यांना गीतमाला ऐकवत नव्हती आणि मुलांना बंद कर म्हणायचंही जिवावर येत होतं. जाताना ते एकच सांगत, ‘झालं की काटा पुण्यावर आणून ठेवा.’ सकाळी कुणी आलं आणि रेडिओ लावला तर पहिल्यांदा पुणं लागलं पाहिजे. घरात सिलोन ऐकलं जातं, हे काट्यावरूनही कुणाला कळता कामा नये. या एका वाक्यात आजोबांनी केसकरांचं सगळं धोरण घरापुरतं राबवलं होतं, असं मला वाटतं.

त्या काळी एक पाहणी विनोदासारखी सांगितली जायची : दहा घरं तपासली, नऊ घरांत सिलोन लागलेलं, दहाव्या घरचा रेडिओ बिघडलेला.

पाच वर्षांनी सरकारने माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सरकारी लहरींवर परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर इथे. सिनेमाचं नाव म्हणजे जाहिरात म्हणून जे घर नाव घेत नव्हतं, ते पंधरा वर्षांत पैसे घेऊन जाहिराती वाजवायला लागलं.

गोष्ट नेहमी इथेच संपवतात. मंत्री हरले, गाणं जिंकलं, लोकांची आवड कुणाला दाबता येत नाही वगैरे. मला या शेवटाबद्दल शंका आहे. पण त्याआधी केसकरांच्या बाजूची एक साक्ष नोंदवायला हवी, आणि ती आपल्या अंगणातलीच आहे.

सिनेसंगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत घडवायला घेतलं. कवी बोलवा, संगीतकार बोलवा, नवी गाणी बांधा. पुण्याचं केंद्र १९५३ साली सुरू झालेलं. तिथे सीताकांत लाड यांच्या आग्रहातून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकर लिहीत, सुधीर फडके चाल बांधत, दर आठवड्याला नवं गीत. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी माणसं त्यात गायली. लोक रेडिओला हार घालून बसत, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. सरकारी धोरणातून इतकं गोड फळ क्वचित निघतं. केसकरांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं, आणि मी ते कुरकुर न करता देतो.

फक्त एवढंच, की गीतरामायणाचे दोन्ही कर्ते सिनेमातले. माडगूळकरांनी आठ वर्षांपूर्वी ‘लोकशाहीर राम जोशी’साठी लावण्या लिहिल्या होत्या, आणि काय लिहिल्या होत्या! फडके चित्रपटांना संगीत देऊनच पोट भरत होते. सिनेमाने कान बिघडतात म्हणून जो पर्याय उभा केला, तो बांधायला गवंडी सिनेमातूनच आणावे लागले. पत्ता बदलला, हात तेच राहिले.

आता माझ्या शंकेकडे वळतो. सिनेमाच्या गाण्याचं या सगळ्यात काय गेलं? काहीच नाही. त्याच्यामागे पैसा होता, रेकॉर्ड कंपन्या होत्या, टूथपेस्टवाले होते आणि समुद्रापलीकडे एक तगडा ट्रान्समीटर होता. सरकारने दार लावलं तर ते खिडकीतून आलं, आणि जास्त ऐटीत आलं. केसकरांचं माप ज्यांच्या डोक्यावर खरोखर आपटलं, ती माणसं वेगळी. त्यांच्याकडे सिलोन नव्हतं.

त्यासाठी १९४७ च्या आसपास गवयांच्या पोटापाण्याची काय स्थिती होती ते बघायला हवं. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, सांगली, मिरज ही संस्थानं विलीन झाली. दरबार गेले, दरबारी गवय्याचा तनखा गेला. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, फैयाज खाँसाहेब बडोद्याला होते. पुढच्या पिढीला तसा धनी उरला नाही. जमीनदारी निघाली, बैठका आटल्या. मोठ्या शहरांतल्या मोजक्या परिषदा सोडल्या तर नियमित बिदागी देणारा एकच धनी देशात उरला : रेडिओ. आता रेडिओच संगीताचा आश्रयदाता, असं केसकर म्हणत, आणि ते खरंच होतं. राजा लहरी असला तर गवय्या उठून शेजारच्या संस्थानात जायचा. आता शेजारचं संस्थानच नव्हतं.

या एकट्या धन्याने १९५२ पासून परीक्षा सुरू केली. केंद्रावर ऑडिशन, वर दिल्लीत मध्यवर्ती मंडळ, आणि मग श्रेणी : बी, बी हाय, ए, टॉप. श्रेणीनुसार बिदागी, श्रेणीनुसार वेळ. मंडळाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होती. मोठे गुणी गृहस्थ, मुंबईत जन्मलेले, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य, भातखंड्यांचे पट्टशिष्य आणि फैयाज खाँसाहेबांचेही शागीर्द. त्यांच्या ज्ञानाविषयी किंवा सचोटीविषयी शंका घ्यायचं कारण नाही. माझी शंका परीक्षेच्या विषयाबद्दल आहे.

एखादा घराणेदार गवय्या डोळ्यांसमोर आणा. वय पन्नास. बापाकडून, काकाकडून तालीम झालेली. दोनशे चिजा, म्हणजे बंदिशी, गळ्यात, त्यातल्या कित्येक दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या. लाल दिवा लागतो, काचेपलीकडे मंडळी बसलेली. तो एक राग मांडतो. मग प्रश्न येतो : या रागाचा थाट कोणता? वादी कोणता, संवादी कोणता? त्याला राग येतो, थाट येत नाही. थाट त्याच्या घरात कुणी शिकवलाच नव्हता, कारण रागांना दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत, बसवणारी ती पद्धत भातखंडे नावाच्या मुंबईच्या एका वकिलाने विसाव्या शतकात बसवलेली. आणि तिच्यातल्या चिजा कुठून आल्या? भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून त्या मिळवल्या आणि सहा भागांत छापल्या. म्हणजे बापाच्या गळ्यातून चीज पुस्तकात गेली, आणि त्या पुस्तकावर मुलाची परीक्षा. उत्तर आलं नाही तर मुलगा नापास.

गवय्यांनी आरडाओरडा केला नाही असं नाही. निषेध झाले, बहिष्कार झाले. पण बहिष्कार घालायलाही ऐपत लागते. उस्ताद विलायत खाँ यांनी पुढे १९६४ साली पद्मश्री आणि १९६८ साली पद्मभूषण नाकारले. मला तोलायची या समितीची लायकी नाही, असं त्यांचं म्हणणं. विलायत खाँ असं म्हणू शकत होते. मिरजेच्या एखाद्या गल्लीत राहणारा, महिन्याला एक कार्यक्रम मिळाला तर घरभाडं देणारा सारंगिया हे म्हणू शकत नव्हता.

न्यायाने दुसरी बाजूही मांडतो. ऑडिशन नव्हतं तेव्हा केंद्रावर ओळखीपाळखीचा कारभार होता, आणि घराणेदारांनी विद्या मुठीत धरून ठेवली होती हेही खोटं नाही. सोलापूर किंवा नाशिकच्या एखाद्या मास्तरांची मुलगी, जिच्या सात पिढ्यांत कुणी गायलं नव्हतं, ती परीक्षा देऊन मायक्रोफोनपुढे बसली ती याच पद्धतीमुळे. कुणा उस्तादाचा गंडा बांधला नव्हता, खानदान नव्हतं, पण अभ्यास होता. दार एका बाजूला उघडलं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं लागलं, आणि ते कुणाचं लागलं याचा हिशेब आपण मराठी माणसं फारसा मांडत नाही, कारण दार उघडलेल्या बाजूला आपण उभे होतो. भातखंडे, पलुसकर, रातंजनकर, केसकर ही नावं सलग वाचली तरी पुरे. केसकर तर स्पष्टच लिहीत-बोलत की मुसलमान राजवटीत आणि उस्तादांच्या हाती गेल्यावर संगीताचं अध्यात्म गेलं आणि ते विलासाचं साधन झालं. म्हणजे परीक्षा थाटाची होती आणि संशय घरावर होता.

भाषेतही हे सगळं बसून राहिलंय. आवड सगळ्यांना असते. अभिरुची मात्र ‘संपन्न’ असते, ‘घडवावी’ लागते, आणि ती घडवणारा कुणीतरी वर बसलेला असतो. शास्त्रीय संगीताला आपण आदराने ‘अभिजात’ म्हणतो. कोशात बघा, अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. ज्यांनी हे संगीत तीनचारशे वर्षं जगवलं त्यांतल्या बहुतेकांना तेव्हाच्या समाजाने चांगल्या कुळातलं मानलं नव्हतं. संगीत अभिजात ठरलं आणि ते सांभाळणारे आगंतुक ठरले.

यातही सगळ्यांत जास्त किंमत मोजली बायकांनी. इथे केसकरांच्या आधी जावं लागतं. १९४६ साली हंगामी सरकारात हे खातं सरदार पटेलांकडे होतं, आणि ज्यांच्या खासगी आयुष्याची उघड बदनामी आहे अशांना रेडिओवर गायला बसवायचं नाही, असा दंडक त्या काळी आला. नियमात बाईचं नाव नव्हतं. पण खासगी आयुष्य तपासलं जाणार होतं ते ठुमरी गाणाऱ्या बाईचं. खाँसाहेबांच्या किंवा पंडितजींच्या घरी किती चुली आहेत हे कुणी विचारणार नव्हतं. रेडिओची पहिली वर्षं ज्यांच्या गळ्यावर निघाली, त्या नावापुढे ‘बाई’ किंवा ‘जान’ लावणाऱ्या गायिका हळूहळू मागे सरल्या. काही ‘देवी’ झाल्या. एखादं नाव बदलताना बाईच्या मनात काय येत असेल, याची नोंद केंद्राच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते.

महाराष्ट्र-गोव्यात हा प्रवास आधीच सुरू झाला होता. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कलावंत घरांतून आल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि कोणाच्या प्रमाणपत्राची वाट न बघता दरारा निर्माण करून राहिल्या. हिराबाई बडोदेकरांनी वेगळी वाट काढली : तिकीट लावून जाहीर जलसे, अंगभर पदर, गाताना अदा नाही, हातवारे नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी इतकं निर्मळ गायची की हात हलवायची गरजच नव्हती, असं म्हणता येईल. पण पुढे तसं बसणं हाच बाईने गाण्याचा नियम झाला. मैफिलीत हात न हलवता बसलेली गायिका आपल्याला ‘शालीन’ वाटते, आणि त्याच मैफिलीत बुवांनी हवेत पतंग उडवल्यासारखे हात फिरवले तर ती ‘तल्लीनता’.

शेवटी पेटी. रेडिओवर तिच्यावर असलेली बंदी तर आणखी जुनी, १ मार्च १९४०ची. तेव्हा रेडिओचे प्रमुख होते लायोनेल फील्डन. त्यांच्याच दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं होतं, रवींद्रनाथांनी जानेवारी १९४० मध्ये पत्र धाडून तिला हद्दपार करा म्हटलं. आक्षेप खरा आहे : पेटीचे सूर ठोकून पक्के केलेले, तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुतींचा बारकावा निघत नाही. पण एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे साहेब आणि स्वदेशी विचारवंत एका वाद्याविरुद्ध एकत्र आले, याची मला आजही गंमत वाटते. एकाला ती अस्सल हिंदुस्थानी वाटत नव्हती, दुसऱ्यालाही नाही. मधल्या काळात ती किती हिंदुस्थानी झाली होती, हे विचारायचं तर गोविंदराव टेंब्यांना विचारायला हवं होतं. भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे टेंबे, ‘मानापमाना’च्या चाली देणारे टेंबे. मराठी रंगभूमीचं अर्धं गाणं पायपेटीच्या भात्यातून आलं. भजनी मंडळं, कीर्तनं, शाळेतली प्रार्थना, सगळीकडे पेटी. फक्त रेडिओवर नाही.

आणि पेटी गेली म्हणून सारंगीचे दिवस आले का? तसंही झालं नाही. सारंगीवर कोठ्याचा शिक्का होता. ती शास्त्रात बसत होती, पण प्रतिष्ठेत बसत नव्हती. सारंगियांनी आपल्या मुलांना दुसरं काही शिकवलं.

आमचे पेटीवाले काका विशीत होते तेव्हा त्यांच्या गुरुजींचं एका केंद्रावर गाणं होतं. चार वर्षं रोज सकाळी काका गुरुजींच्या गाण्याला पेटी धरत. गुरुजी कुठे थांबणार, कुठे वळणार हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं. केंद्रावर पेटी न्यायची नव्हती. काका तरी गेले, तानपुरा धरायला. ‘अर्धा तास तारा छेडत बसलो,’ ते सांगतात, ‘डावा हात मांडीवर आपोआप हलायचा. भाता मारायचा.’ स्टुडिओतल्या माणसाने काचेतून खूण केली : हात हलवू नका, अंगठी मांडीला घासतेय, आवाज येतोय.

१९७१ साली निर्बंध सैल झाला, तोही साथीपुरता आणि वरच्या श्रेणीच्या गायकांसाठी. एकल पेटीला तर त्यानंतरही दार बंदच राहिलं. मी काकांना विचारलं, नंतर कधी परीक्षेला का बसला नाहीत? ते म्हणाले, ‘एकतीस वर्षं ज्यांनी वाद्य आत घेतलं नाही, ते माझी श्रेणी कशावरून काढणार होते?’ रागाने म्हणाले नाहीत. त्यांना तो खरोखरच तांत्रिक प्रश्न वाटत असावा.

सोसायटीचा कार्यक्रम चांगला झाला. गायिकेने बागेश्री सुंदर मांडला, मध्यंतरानंतर दोन नाट्यपदं. मागून कुणीतरी चिठ्ठी पाठवली, ‘मन तडपत हरि दर्शन को आज’ म्हणा. तिने चिठ्ठी वाचली, हसली आणि सतरंजीखाली सरकवली. भैरवी झाली. लोक उठले, खुर्च्या रचायला लागले, गायिकेभोवती फोटो काढायला गर्दी. काका पेटी बंद करायला वाकले, मग काय वाटलं कोण जाणे, भाता पुन्हा उघडला आणि त्या चिठ्ठीतल्याच मालकंसात वाजवत बसले, दहाएक मिनिटं, एकटेच. तबलजी तबला गवसणीत भरता भरता थांबले होते. सेक्रेटरींनी माईक हातात घेतला आणि गेटसमोर उभी असलेली पांढरी गाडी कुणाची आहे, ती आधी हलवा, असं तीनदा सांगितलं.